चंद्रावरची भिंत, खारातलं भात : आपल्या स्थापत्य विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
स्थापत्य अभियांत्रिकी विभागप्रमुख,
ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल परिसरातील सर्व अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने

सन्माननीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरले की थोड्याच दिवसांत आपले विद्यार्थी तुर्भ्याच्या आमच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये क्यूब, म्हणजे चाचणीसाठी केलेले काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, घेऊन येऊ लागतात. सिमेंटऐवजी फ्लाय अ‍ॅश इतके टक्के, रेतीऐवजी क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) इतके टक्के, कुणाच्या क्यूबमध्ये काथ्याचे धागे, कुणाच्या क्यूबमध्ये प्लास्टिकचे तुकडे. सात दिवसांचा क्यूब, अठ्ठावीस दिवसांचा क्यूब. मशीनमध्ये ठेवायचा, फोडायचा, आकडा वहीत उतरवायचा. मुलं कष्टाळू असतात, भर उन्हात रिक्षातून आठ-आठ किलोचे क्यूब आणतात. पण आकडा साधारण काय येणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, कारण मागच्या बॅचचा रिपोर्ट हाताशी असतो. उत्तर कुणालाच माहीत नाही असा एकही प्रश्न चार वर्षांत न हाताळता मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून विनंती अशी की दरवर्षी निदान एका गटाला पृथ्वीबाहेरचं बांधकाम आणि पृथ्वीबाहेरची शेती हा विषय द्या. आणि देताना बांधकाम एका गटाला, शेती दुसऱ्या कुणालातरी, अशी वाटणी करू नका. दोन्ही एकाच गटाच्या हातात राहू द्या. तसं का, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

सरकारने 2035 पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, असं उद्दिष्ट जाहीर केलेलं आहे. आज आपल्या वर्गात बसलेली मुलं तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतील, म्हणजे खरी जबाबदारी खांद्यावर येण्याच्या वयात. रॉकेट, लँडर, इंजिन यांचा विचार करणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तयार झाली आहेत. तिथे पाया कसा घ्यायचा, छत कसं पेलायचं, पाणी कुठून कुठे न्यायचं आणि फिरवून परत कसं आणायचं, हे मात्र स्थापत्यवाल्यांचं काम आहे.

एक हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. आपण घराचा स्लॅब डिझाइन करताना वापराचा भार धरतो दर चौरस मीटरला 200 किलो, खालच्या दिशेने. चंद्रावर बाहेर हवा नाही. आत माणसांसाठी पृथ्वीसारखा हवेचा दाब ठेवला तर ती हवा दर चौरस मीटरला सुमारे दहा टन इतक्या जोराने छत वर ढकलते. पन्नासपट भार, तोही उलटा. आता कुणी म्हणेल, छतावर चंद्राची माती टाका म्हणजे दाबून बसेल. माती टाकावी लागणारच आहे, कारण किरणोत्सर्गापासून आणि बारीक उल्कांच्या माऱ्यापासून तीच वाचवणार. पण तीन मीटर जाडीचा थर टाकला तरी चंद्राचं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश असल्यामुळे तो दर चौरस मीटरला जेमतेम साडेआठशे किलोच दाबतो. दहा टनांची बरोबरी करायची तर थर हवा छत्तीस मीटरचा, म्हणजे बारा मजली इमारतीएवढा ढीग. मग उपाय काय? आतला दाब कमी ठेवून ऑक्सिजनचं प्रमाण वाढवायचं? फुगवता येणारा मजबूत कापडी पडदा आतून आणि माती बाहेरून? 2016 पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला असा फुगवलेला एक कक्ष जोडलेला आहे. काँक्रीट दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं, हे आपण दुसऱ्या वर्षात शिकवतो. ते का शिकवतो हे मुलांना या एका उदाहरणात जितकं स्वच्छ कळेल तितकं दहा बीम डिझाइन करून कळणार नाही.

दुसरी अडचण पाण्याची. आपला सगळा धंदा पाण्यावर उभा आहे. पाणी घालून माल कालवायचा, स्लॅब भरला की दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायचं. चंद्रावर निर्वात जागेत उघडं पाणी टिकतच नाही आणि जे मिळेल ते आधी पिण्यासाठी लागणार. 1986 मध्ये अमेरिकेत टी. डी. लिन या अभियंत्याला नासाने अपोलो 16 ने आणलेल्या चंद्राच्या मातीतली 40 ग्रॅम माती दिली होती. त्यांनी तिचा वापर करून इवलासा काँक्रीटचा ठोकळा बनवला आणि त्याची ताकद भरली दर चौरस मिलिमीटरला 75 न्यूटनच्या आसपास. आपल्याकडे साध्या इमारतीला 20-25 चं काँक्रीट असतं, त्यावरून अंदाज करा. माती चांगली आहे हे तेव्हाच सिद्ध झालं, राहिला प्रश्न पाण्याचा आणि सिमेंटचा. त्यानंतर लोक गंधकाकडे वळले, कारण मंगळाच्या मातीत गंधक भरपूर आहे. गंधक 115-120 अंशांना वितळतं, त्यात खडी-चुरा कालवून ओतलं की थंड होताच घट्ट. पाणी शून्य, अठ्ठावीस दिवसांची वाट नाही. चंद्रावर मात्र उघड्या निर्वातात गंधक हळूहळू उडून जातं, तिथे ते तसंच चालणार नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोबरोबर तिसरा मार्ग धरला: 2020 मध्ये त्यांनी चंद्रासारख्या कृत्रिम मातीत युरिया, गवार गम आणि एक जिवाणू मिसळून विटा तयार केल्या. जिवाणू युरिया फोडतो, त्यातून चुन्याचे स्फटिक बनतात आणि ते कण सांधतात. 2022 मध्ये तसंच मंगळाच्या कृत्रिम मातीवर करून पाहिलं, आणि पुढे भट्टीत भाजलेल्या विटेला पडलेली चीर त्याच जिवाणूने बुजवूनही दाखवली. त्यालाही थोडं पाणी लागतंच. तेव्हा प्रश्न मिटलेला नाही, मुलांसाठी जागा भरपूर शिल्लक आहे.

आता आपल्या दगडाबद्दल. चंद्रयानाच्या लँडर-रोव्हरच्या चाचण्यांसाठी चंद्रासारखी माती टनावारी लागणार होती आणि ती परदेशातून आणणं परवडणारं नव्हतं. आपल्या शास्त्रज्ञांनी तामिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडीचा अ‍ॅनॉर्थोसाइट दगड शोधला, दळला, चाळला आणि माती बनवली. त्या पद्धतीला 2020 मध्ये पेटंटही मिळालं. सित्तमपुंडीचा दगड चंद्राच्या उजळ, डोंगराळ भागाशी जुळतो. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात ते लाव्ह्याचे सपाट प्रदेश बेसॉल्टचे आहेत आणि मंगळाचं कवचही बहुतांशी बेसॉल्टचं. तो बेसॉल्ट आपल्या पायाखाली आहे. पारसिकचा डोंगर घ्या, तुर्भे-पावण्याच्या दगडखाणी घ्या, ठाण्याहून बोरिवलीकडे निघालेल्या जुळ्या बोगद्यातून बाहेर येणारा मलबा घ्या, सगळा तोच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. जपानने आपल्या फुजी पर्वताच्या बेसॉल्टपासून चंद्राची माती बनवली, अमेरिकेने अ‍ॅरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून. आपल्याला तर दगड शोधायलाही जायला नको.

एक गोष्ट लॅबमध्ये रोज डोळ्यांसमोर असते. क्रश सँडचं सॅम्पल आलं की आम्ही चाळण्यांची उतरंड लावतो: 4.75, 2.36, 1.18 मिलिमीटर, मग 600, 300, 150 मायक्रॉन. शेकर बंद झाला की शेवटच्या पॅनमध्ये करड्या रंगाची भुकटी साचलेली असते, बोटांत धरली तर टाल्कम पावडरसारखी सरकते. बांधकामाला ही फार चालत नाही, म्हणून क्रशरवर सँड धुतात आणि ही भुकटी स्लरी होऊन खड्ड्यात, नाल्यात जाते. चंद्रावरच्या मातीच्या कणांचा सरासरी आकार 70 मायक्रॉनच्या आसपास आहे. आपण नको म्हणून टाकतो तो माल तिथल्या मातीच्या सर्वांत जवळचा आहे.

तंतोतंत तो तसाच आहे असं मुलांना सांगू नका. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, म्हणून तिथले कण धारदार राहतात, त्यात उल्कांच्या उष्णतेने वितळून बनलेली काच असते, आणि पाणी जवळजवळ नसतं. आपला दगड कोट्यवधी पावसाळे प्यायलेला. त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे, मोत्यासारखे चमकणारे झिओलाइटचे खडे मिळतात, तेही पाण्यामुळेच झालेले. हा फरक मोजणं हाच एक प्रोजेक्ट आहे: आपली भुकटी चंद्राच्या मातीपासून किती लांब, आणि कोणत्या चाचणीत ती चालेल, कोणत्या चाचणीत चालणार नाही. शिवाय त्या झिओलाइटची एक वेगळीच गंमत आहे. अमोनियम आणि पोटॅशियम धरून ठेवून ते मुळांना हळूहळू देण्याचा गुण झिओलाइटमध्ये असतो, म्हणून नासाने झिओलाइटची कृत्रिम माती करून तिच्यात रोपं वाढवण्याचे प्रयोग केले होते. भिंतीचा दगड आणि रोपाचं खत एकाच खाणीत निघतं.

धुळीबद्दल थोडं विषय सोडून सांगते. 1972 मध्ये अपोलो 17 वर गेलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यानात परतल्यावर कपड्यांवरच्या धुळीने शिंकू लागले होते, नाक चोंदलं होतं. आपल्या खाणींवरचे कामगार ही धूळ वर्षानुवर्षं घेतात, तोंडाला फडकं बांधून. आपला गट भुकटी हाताळणार असेल तर मुलांना चांगले मास्क द्या, आणि जमलं तर खाणीवरच्या हवेतल्या धुळीचं मोजमाप त्याच गटाला करायला सांगा. कामगारांना त्याचा आजच उपयोग आहे.

आता मूळ मुद्दा, बांधकाम आणि शेती एकत्र का.

सप्टेंबर 1991 मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर 2 नावाच्या काचेच्या अवाढव्य इमारतीत आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली आणि दार बंद झालं. तीन एकरांहून थोडी जास्त जागा. आत शेत, छोटं जंगल, छोटा समुद्र. हवा बाहेरून घ्यायची नाही, अन्न आतच पिकवायचं. काही महिन्यांत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आतला ऑक्सिजन कमी होत चालला होता. 20.9 टक्क्यांवरून घसरत घसरत सोळा महिन्यांत तो 14.5 टक्क्यांच्या आसपास आला. उंच डोंगरावर राहिल्यासारखी माणसं थकायला लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. शेतासाठी भरपूर सेंद्रिय खताची माती घातली होती, तिच्यातले जिवाणू ऑक्सिजन खात होते हे कळत होतं. पण जिवाणू जितका ऑक्सिजन घेतात तितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग तो हवेत वाढलेला दिसायला हवा होता. तसा तो दिसत नव्हता. गेला कुठे? जेफ सेव्हरिंगहॉस आणि वॉलेस ब्रोकर या संशोधकांनी छडा लावला. तो आतल्या काँक्रीटमध्ये मुरला होता.

सर, मॅडम, हे आपल्याला नवीन नाही. याला आपण कार्बोनेशन म्हणतो. ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करताना कोअर, म्हणजे काँक्रीटचा आतला नमुना, काढतो, ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारतो. आतलं काँक्रीट गर्द गुलाबी होतं, बाहेरची कड मात्र रंगच घेत नाही. ती बेरंग कड म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुन्याशी जुळल्याची खूण. सळईपर्यंत ती कड पोचली की गंज सुरू. आपण ती सळईच्या काळजीपोटी मोजतो. बंद घरात तीच कड माणसाच्या श्वासाची आणि रोपाच्या अन्नाची राशी गिळत बसते, कारण रोपाला तोच कार्बन डायऑक्साइड हवा असतो. माती निवडणाऱ्याने माती चांगली निवडली होती, भिंत बांधणाऱ्याने भिंत मजबूत बांधली होती. दोघांनी एकत्र हिशेब केला असता तर ही घट आधीच कागदावर दिसली असती.

पृथ्वीवर ही चूक खपून जाते, बाहेर हवेचा अथांग साठा आहे. चंद्रावर भिंत, माती, पाणी, हवा यांचं खातं एकच असतं. म्हणून मी म्हणते की विषयाचे दोन तुकडे करू नका.

याची छोटी प्रतिकृती कुठलंही कॉलेज करू शकेल. हवाबंद अ‍ॅक्रिलिकची पेटी, आत मेथीची कुंडी, शेजारी ताज्या काँक्रीटचा तुकडा, आणि बाजारात मिळणारा कार्बन डायऑक्साइडचा मीटर. मग तीच पेटी काँक्रीटशिवाय. मग सिमेंटऐवजी गंधकाचा ठोकळा. मग रंगाचा थर दिलेला काँक्रीटचा तुकडा. चार पेट्यांतल्या आकड्यांच्या रेषा एकमेकींपासून कशा फुटतात ते मुलांनी स्वतः कागदावर काढलं की तो हिशेब ती जन्मभर विसरणार नाहीत. आणि या पेट्यांचा निकाल मागच्या बॅचच्या रिपोर्टमध्ये मिळणार नाही.

रोपांच्या बाजूनेही तेच सांगता येईल. मे 2022 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या रॉबर्ट फर्ल आणि अ‍ॅना-लिसा पॉल यांनी खऱ्याखुऱ्या चंद्राच्या मातीत रोपं उगवल्याचं प्रसिद्ध केलं. नासाकडून त्यांना मिळाली अवघी 12 ग्रॅम माती, अपोलो 11, 12 आणि 17 ची. एका रोपाला साधारण एक ग्रॅम. मोहरीच्या कुळातलं छोटं रोप. बी रुजलं सगळीकडे, पण काही दिवसांत मुळं खुंटली, पानं रोडावली, काहींना जांभळट छटा आली. रोपांच्या पेशींमध्ये कोणते जनुक जागे झालेत ते तपासल्यावर दिसलं की रोप खाऱ्या मातीत किंवा धातूंच्या जाचात जसं वागतं तसंच इथे वागत होतं. मंगळावर तर सरळ क्षारच आहेत. 2008 मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत पर्क्लोरेट नावाचा क्षार सापडला, माणसाच्या थायरॉइडला घातक.

खारी माती! आपल्या मुलखाला याची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. माझं माहेर घणसोली गावठाणातलं. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आगरी-कोळी गावांनी खाडीचं पाणी बांध घालून अडवलं, बांधात उघाड्या ठेवल्या. भरती आली की उघाडीचं झाकण खाऱ्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटीला आतलं पाणी बाहेर. पावसाळ्यात पहिल्या सरींनी मातीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मगच लावणी, आणि तीही मीठ सोसणाऱ्या राता भाताची. उन्हाळ्यात मीठ खालून पुन्हा वर येतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हे स्थापत्य होतं की शेती, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, कारण बांध बांधणारा आणि भात लावणारा माणूस एकच होता. या ज्ञानाचा शास्त्रीय वारसा आजही पनवेलमध्ये जिवंत आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या खारभूमी संशोधन केंद्राने तिथे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. तुर्भ्याहून तिथे जायला गाडीने फार वेळ लागत नाही. आपल्या कॉलेजांतून तिथे किती विद्यार्थी जातात?

आपल्याकडच्या प्रोजेक्टचा दुसरा अर्धा भाग मला तिथे दिसतो. खाणीची भुकटी कुंडीत भरा, एकीत थोडं मीठ घाला, एकीत झिओलाइट, एकीत काहीच नको. पनवेलच्या जातीचं भात, चवळी, मेथी लावा. मुळं धुऊन मोजा. मीठ धुवायला किती लिटर पाणी लागलं आणि त्यातलं किती परत मिळवता आलं तेही लिहा. खारात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, मीठ धुण्याचं काम पाऊस फुकट करतो, मंगळावर धुतलेला प्रत्येक थेंब पुन्हा हातात घ्यावा लागेल. अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी मिळून 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने 2023 मध्ये सांगितलं. इकडे कोपरखैरणे आणि ऐरोलीत महापालिका सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून कारखान्यांना देते. मुलांना ते प्लांट दाखवा, 98 ला पोचायला शेवटचे टक्के किती महाग पडतात ते तिथल्या इंजिनिअरना विचारू द्या.

अवकाशातल्या शेतीत आपण कोरे नाही. 30 डिसेंबर 2024 ला निघालेल्या पीएसएलव्ही-सी60 या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर इस्रोने चवळीची आठ बियाणं पाठवली होती, चार दिवसांत ती रुजली आणि पुढे पानंही फुटली. त्याच टप्प्यावर पनवेलजवळ भाताणला असलेल्या अमिटी विद्यापीठाचा प्रयोग होता, पालकाच्या पेशींचा. 2025 च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकावर मेथी आणि मूग रुजवले. जीवशास्त्राची मुलं पुढे गेली आहेत. ज्या घरात ही मेथी पिकणार ते घर आपल्या मुलांनी बांधायचं आहे.

मला ठाऊक आहे, पहिला प्रश्न काय येईल. घोडबंदर रोडचे खड्डे बुजत नाहीत आणि तुम्ही चंद्रावर घर बांधायला निघालात? हा प्रश्न रास्त आहे, मी त्याच रस्त्याने प्रवास करते. खड्डे बुजवायचं ज्ञान आपल्याकडे आहे. ते न वापरलं जाण्याची कारणं प्रयोगशाळेत सापडणारी नाहीत. वर सांगितलेली एकेक चाचणी मात्र इथल्या जमिनीवर उतरणारी आहे. गंधकाचं काँक्रीट आम्लाला दाद देत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांची फरशी आणि गटारं साध्या काँक्रीटची असली की काही वर्षांत खडी उघडी पडते, तिथे ते वापरून बघता येईल, आणि रिफायनऱ्या इंधनातून गंधक वेगळं काढतातच. क्रशरची स्लरी विटेत गेली तर नाल्यात जाणार नाही. आणि बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरलेल्या ज्या शेतांत आज काहीच होत नाही, त्यांच्यासाठी क्षाराचं प्रत्येक मोजमाप कामाचं आहे. तरीही मी हे सांगेन की उपयोग दाखवता आला तरच विषय द्यायचा, अशी अट घालू नका. चंद्रयान-3 च्या लँडरने चंद्राच्या मातीत दहा सेंटीमीटर लांब तापमापक खुपसला आणि कळलं की वर पन्नासच्या आसपास अंश आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली उणे दहा. चार बोटं माती इतकं तापमान अडवते हे वाचल्यावर माझ्या लॅबमधल्या पोरांनी जेवण सोडून चर्चा केली होती. इतका आनंद आपल्या विषयात आहे हे विद्यार्थ्यांना कळायलाच हवं.

नवी मुंबईबद्दल एक बोलल्यावाचून राहवत नाही. 1965 मध्ये खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना ज्या तिघांनी मांडली त्यांत चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या वास्तुरचनाकारांबरोबर शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते होते. 1970 मध्ये शहर उभारणारी सरकारी कंपनी सिडको आली, पंचाण्णव गावांची जमीन गेली आणि कागदावर आखलेलं शहर उभं राहिलं. मी त्या शहरातच शिकले, त्या शहरानेच मला काम दिलं. पण शहर आखताना भाताची खाचरं शहराबाहेर राहिली, बांध आणि उघाड्या मोडीत निघाल्या, आणि बांध राखणारी माणसं गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के जमिनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. पृथ्वीबाहेरची पहिली वस्ती आखणाऱ्या मुलांनी निदान हा नकाशा पाहिलेला असावा. तिथे शेत वगळलेला नकाशा जगणारच नाही.

आता व्यवहाराचं. आपल्यापैकी कुणी तयार असेल तर आमच्या लॅबकडून एवढं मिळेल: चाळण्या, ओव्हन, क्यूब मशीन यांचा वापर शनिवारी दुपारी दोननंतर विनामूल्य. भुकटी मी क्रशरवाल्यांकडून मिळवून देईन, ते पोत्याने द्यायला तयार आहेत. गंधकाचं काम मात्र आपल्याच रसायन विभागाच्या फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), शिक्षक समोर उभे असतानाच करायचं. गंधक तापवताना ज्वाला नको, तापमान 140 च्या वर जाऊ द्यायचं नाही, वाफ नाकात जाता कामा नये. पनवेलच्या केंद्राला कॉलेजच्या लेटरहेडवर आपण पत्र दिलंत तर बियाण्याबद्दल आणि कुंड्यांच्या पद्धतीबद्दल त्यांचं मार्गदर्शन मागता येईल, ते मी एकटीने मागण्यापेक्षा कॉलेजने मागणं बरं. काम दमदार झालं तर इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेत महाविद्यालयांना संशोधनासाठी निधी मागता येतो, तो अर्ज मात्र आपल्यालाच करावा लागेल. सहल काढायची असेल तर लोणारला न्या. बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर आपल्याच राज्यात आहे आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे परदेशातून तिथे येतात.

आणि एकच आग्रह. निकाल कसाही आला तरी सगळ्या कॉलेजांनी आकडे एकमेकांना द्यावेत, फुटलेल्या क्यूबचे आणि मेलेल्या रोपांचेसुद्धा. एका कॉलेजने मीठ धुवायला किती पाणी लागलं ते मोजलं असेल तर दुसऱ्याने तिथून पुढे सुरुवात करावी.

विषयांची यादी आपण साधारण जुलैमध्ये लावता. त्याआधी, जूनच्या दुसऱ्या शनिवारी, लॅबमध्ये इच्छुक शिक्षकांची बैठक ठेवत आहे. येताना आपल्या भागातल्या क्रशरची एक किलो भुकटी पिशवीत घेऊन या आणि पिशवीवर खाणीचं नाव लिहा. पहिली चाळणी त्याच दिवशी लावू.

आपली नम्र,
मटेरियल टेस्टिंग लॅबमधली एक स्थापत्य अभियंता
तुर्भे, नवी मुंबई